पडद्यावरची भेग आणि घरावरचे माळवद

घोड आणि भीमेच्या काठची काळी राने एप्रिल-मे महिन्यांत भेगाळतात. शिरूर-दौंडकडच्या मुलांना याचे नवल नसते. भेगेत चेंडू गेला तर तो काढायला काठी लागते, एवढाच त्यांचा भेगेशी संबंध. पण दूरदर्शन संचावर हिंदीतून 'सॅन अँड्रियास' हा चित्रपट पाहून आलेल्या नववीतल्या एका मुलाने मला वर्गात विचारले, "सर, आमच्या रानातल्या भेगा वाढत गेल्या तर जमीन अशीच उघडेल का?" प्रश्न साधा होता, पण त्यासाठी मला तो चित्रपट मुद्दाम पाहावा लागला. पाहिल्यावर वाटले, की या चित्रपटाबद्दल शिक्षकांशी बोलायला हवे.

ब्रॅड पेटन यांनी दिग्दर्शित केलेला हा अमेरिकन चित्रपट २०१५ साली आला. कॅलिफोर्नियातील सॅन अँड्रियास हा सुमारे १२०० किलोमीटर लांबीचा भूस्तरभंग त्याच्या केंद्रस्थानी आहे. आधी ७.१ प्रतीचा भूकंप होऊन हूवर धरण फुटते. मग ९.१ च्या धक्क्याने लॉस एंजेलिस कोसळते, ९.६ च्या धक्क्याने सॅन फ्रान्सिस्को कोसळते आणि शेवटी खाडीतून त्सुनामी शहरात शिरते. बचाव दलातील हेलिकॉप्टरचालक नायक (ड्वेन जॉन्सन) या सगळ्यातून आपली पत्नी व मुलगी यांना सोडवतो. दृश्ये थक्क करणारी आहेत. दोन तास मुले जागची हलत नाहीत, हे त्याचे यश नाकारण्याचे कारण नाही.

आता त्या भेगेकडे वळू. नायक-नायिका मोटारीने जात असता वाटेत जमीन दुभंगून दरी झालेली त्यांना दिसते. सॅन अँड्रियासच्या दोन बाजू मात्र एकमेकींपासून दूर जात नाहीत. त्या एकमेकींना घासत आडव्या सरकतात. १९०६ साली सॅन फ्रान्सिस्कोजवळ ७.९ प्रतीचा भूकंप झाला, तेव्हा शेतांची सरळ कुंपणे तुटून त्यांचे तुकडे काही ठिकाणी पाच-सहा मीटर बाजूला गेले. मधे दरी पडली नाही. अशा निरीक्षणांवरूनच हॅरी फील्डिंग रीड या शास्त्रज्ञाने भूकंपाचा लवचीक ताणाचा सिद्धान्त मांडला.

तो वर्गात दाखवणे सोपे आहे. एका विटेला दोरी बांधा, दोरीला सायकलच्या ट्यूबची पट्टी जोडा आणि खरखरीत फरशीवरून हळूहळू ओढा. रबर ताणत जाते, वीट हलत नाही आणि मग एकदम पुढे उडी घेते. ती उडी म्हणजे भूकंप. वीट फरशीला घट्ट टेकलेली असते म्हणून ताण साठतो. तीच वीट अधांतरी उचलून धरली तर रबर ताणले जाणारच नाही. दोन बाजूंमध्ये दरी पडली तर घर्षण संपेल, आणि घर्षण नसेल तर मोठा भूकंपही नाही. भूकंपात नदीकाठच्या मऊ जमिनीला तडे जातात, डोंगर घसरतात हे खरे, पण तो हादऱ्याचा परिणाम असतो. आपल्या काळ्या रानातली भेग तर याहून निराळी. तिथली चिकण माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पहिल्या दोन पावसांत ती भेग बुजते.

याच विटेला दुसरा प्रश्न विचारा. ती नेमकी कोणत्या क्षणी उडी घेईल? मुले अंदाज बांधतात आणि बहुतेक वेळा चुकतात. चित्रपटातील प्राध्यापक मात्र चुंबकीय स्पंदने मोजून भूकंपाचे भाकीत करतो. अशी खात्रीची पद्धत आज जगात कोणाकडेही नाही. खरा अभ्यास कसा चालतो ते पाहायला आपल्याला अमेरिकेत जायला नको. केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची कराडला प्रयोगशाळा आहे. तिच्यासाठी कोयना परिसरात ३ किलोमीटर खोल छिद्र घेण्याचे काम २०१७ मध्ये पूर्ण झाले. भूकंप जिथे जन्मतात तिथल्या खडकाचा ताण, तापमान, पाणी यांची मोजणी करणे हे असे वर्षानुवर्षांचे काम असते. त्यात धावपळ नसते, म्हणून पडद्यावर त्याला जागा मिळत नाही.

कोयनेचा विषय निघालाच आहे, तर हूवर धरणाचे दृश्य त्याच्याशेजारी ठेवून पाहावे. दौंडपासून सरळ रेषेत सुमारे दीडशे किलोमीटरवर, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, कोयनानगरला ६.३ प्रतीचा भूकंप झाला. सुमारे १८० माणसे गेली. १०३ मीटर उंचीच्या धरणाला तडे गेले, पण धरण उभे राहिले. पुढे ते बळकट करण्यात आले. धरण का टिकले, तडे कुठे गेले, जलाशय भरल्यानंतर या भागात भूकंप का सुरू झाले, या प्रश्नांनी जगभरच्या अभियंत्यांना व भूशास्त्रज्ञांना शिकवले. फुटणाऱ्या धरणाचे दृश्य क्षणभर धडकी भरवते, पण विचार करायला लावते ते तडे जाऊनही टिकलेले धरण.

माझा मुख्य आक्षेप मात्र याहून मोठा आहे. ९.६ हा आकडा पाहा. यंत्रांनी मोजलेला आजवरचा सर्वांत मोठा भूकंप चिलीचा, १९६० सालचा, ९.५ प्रतीचा. सॅन अँड्रियासची लांबी व खोली पाहता तिथे ८.३ च्या आसपास मर्यादा येते, असे तज्ज्ञ मानतात. आकडा फुगवल्यामुळे प्रेक्षकाच्या मनात एक समजूत घट्ट होते, की मोठा भूकंप म्हणजे मोठा संहार आणि लहान म्हणजे फारसे काही नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला झालेला भूकंप ६.२ प्रतीचा होता. प्रत एकाने वाढली की ऊर्जा सुमारे ३२ पट वाढते. या हिशोबाने चित्रपटातला भूकंप किल्लारीच्या सव्वा लाख पट मोठा. तरीही आदल्या दिवशी गणपती विसर्जन करून झोपलेल्या गावांतली सुमारे आठ हजार माणसे त्या पहाटे गेली.

कारण जमीन उघडली नव्हती. घर अंगावर आले होते. ओबडधोबड दगड मातीत रचून केलेल्या जाड भिंती, आत-बाहेरच्या दोन थरांना बांधणारा आरपार लांब दगड नाही, आणि वर थंडाव्यासाठी टाकलेला मातीचा जड थर. अशी माळवदाची, धाब्याची जुनी घरे शिरूर-दौंडच्या गावांतही आहेत. किल्लारीचा परिसर तेव्हाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता, हेही विसरू नये. नवी घरे आपोआप सुरक्षित असतात असे नाही. २६ जानेवारी २००१ च्या भुज भूकंपात, केंद्रापासून दोनशे किलोमीटरांहून दूर असलेल्या अहमदाबादेत, तळमजला नुसत्या खांबांवर मोकळा सोडलेल्या अनेक इमारती कोसळल्या. खाली वाहनतळ आणि वर चार मजले, ही पद्धत आता तालुक्याच्या गावीही आली आहे.

'वक़्त' या १९६५ सालच्या हिंदी चित्रपटात भूकंप हा नियतीचा फटका होता. लाला केदारनाथांनी भविष्याच्या बढाया मारल्या आणि क्षणात कुटुंब विखुरले. 'सॅन अँड्रियास'मध्ये भूकंप हा खलनायक आहे आणि बलदंड बाप त्याला हरवतो. एकीकडे नशीब, दुसरीकडे नायक. भिंत कोणी बांधली आणि कशी, हे दोन्हीकडे कोणीच विचारत नाही. शिवाय हा नायक ज्या शहरासाठी नेमलेला आहे त्याला संकटात सोडून सरकारी हेलिकॉप्टर घरच्यांसाठी नेतो, आणि चित्रपटाला त्यात काही वावगे वाटत नाही. मुलांना हे जरूर विचारावे. त्यांचे मत माझ्यापेक्षा कडक असते, असा अनुभव आहे.

शेवटची त्सुनामीही अशीच ओढूनताणून आणलेली. आडव्या सरकणाऱ्या आणि बहुतांश जमिनीवरच्या स्तरभंगातून एवढी लाट उठत नाही. त्यासाठी समुद्राचा तळ वर उचलला जावा लागतो, जसा २६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्राजवळ ९.१ प्रतीच्या भूकंपात उचलला गेला. त्या दिवशी थायलंडच्या फुकेत बेटावरील माइखाव किनाऱ्यावर सुट्टीसाठी आलेल्या टिली स्मिथ या दहा वर्षांच्या इंग्लिश मुलीने पाणी विचित्र फेसाळताना पाहिले. दोनच आठवड्यांपूर्वी भूगोलाच्या तासाला तिने त्सुनामीची लक्षणे शिकली होती. ती आईवडिलांच्या मागे लागली, किनारा रिकामा झाला आणि सुमारे शंभर माणसे वाचली. बेटावरच्या या खऱ्या थरारकथेत हेलिकॉप्टर नाही, एक चांगला तास आहे.

आपल्या शाळांच्या सहली अलिबाग, मुरूड, गणपतीपुळ्याला जातात. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे मकरान किनाऱ्याजवळ झालेल्या भूकंपाची त्सुनामी मुंबईपर्यंत आली होती. भूकंपाचे भाकीत होत नाही, पण भूकंप झाल्यावर लाट पोहोचण्याआधी इशारा देता येतो, आणि हैदराबादचे केंद्र २००७ पासून ते काम करते. तरी सहलीला निघण्यापूर्वी मुलांना एवढे सांगून ठेवावे, की किनाऱ्यावर बराच वेळ हादरे जाणवले किंवा समुद्र एकाएकी मागे हटला, तर शंखशिंपले वेचायला न धावता उंचावर जायचे.

चित्रपटात घेण्यासारखेही आहे. प्राध्यापक विद्यार्थ्यांना टेबलाखाली शिरायला लावतो, ते योग्य आहे. नायकाची मुलगी बंद पडलेल्या मोबाइलऐवजी तारेचा दूरध्वनी शोधते, सोबत्यांना उंच जागी नेते. संपूर्ण चित्रपटात डोके शांत ठेवून वागणारी तीच. मात्र टेबलाखालचा आसरा छत टिकले तरच पुरतो.

म्हणून चित्रपट दाखवायचा तर दाखवावा, विटेचा प्रयोग करावा आणि मग मुलांना वही घेऊन बाहेर काढावे. शाळेची भिंत कशाची आहे, दारे-खिडक्यांच्या वरून सर्व भिंतींना बांधणारा सलग काँक्रीटचा पट्टा आहे का, घराच्या माळवदावर दर वर्षी किती माती चढते, हे त्यांनी पाहून लिहावे. त्या नववीतल्या मुलाला मी हेच काम दिले. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "सर, आमच्या छपरावर दीड वीत माती आहे. आजोबा यंदा आणखी टाकणार होते. मी थांबवलंय."