'दुर्बिणीची शस्त्रक्रिया' : एका संज्ञेची चिकित्सा

'दुर्बिणीची शस्त्रक्रिया' ही मराठीत रूढ झालेली संज्ञा जखमेचा आकार सांगते. शरीरात काय बदलले, ते सांगत नाही. शिवाय घशातून नळी घालून केलेली तपासणीही 'दुर्बिणीची'च. मुलांच्या जठरातील आम्लद्रव अन्ननलिकेत उलटा चढण्याच्या विकारात तपासणी आणि शस्त्रक्रिया दोन्ही संभवतात. त्यामुळे ही संदिग्धता येथे अधिक बाधक ठरते.

विकाराच्या नावापासूनच घोटाळा आहे. त्याला सर्रास 'आम्लपित्त' म्हटले जाते; परंतु 'माधवनिदाना'तील अम्लपित्त ही निराळ्या शास्त्रव्यवस्थेतील कल्पना होय. त्यापेक्षा 'बाळ दूध काढते' हा घरगुती प्रयोग अचूक वाटतो. त्यात रोगाची भीती नाही, आणि बहुतेक बालकांत हा प्रकार वर्ष-दीड वर्षात आपोआप थांबतोही. शस्त्रक्रियेचा विचार होतो तो औषधांनी न सुधारणाऱ्या, वजन न वाढणाऱ्या किंवा द्रव फुप्फुसात जाऊन वारंवार न्यूमोनिया होणाऱ्या मोजक्या मुलांत.

रुडॉल्फ निस्सेन यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोवती गुंडाळून शिवला जातो. डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढून भारतात या तंत्राचा पाया घातला. १९९१ मध्ये युरोपात निस्सेन यांची शस्त्रक्रियाही लहान छिद्रांतून झाल्याचे प्रसिद्ध झाले. वेदना घटल्या, रुग्णालयातील मुक्काम कमी झाला, हे निर्विवाद. छिद्रे लहान झाली. आतली गुंडाळी मात्र तीच राहिली.

या गुंडाळीनंतर काही मुलांना ढेकर देणे वा ओकणे कठीण जाते, पोट फुगते. पुढे कधी आतडे अडल्यास उलटी हे ओळखीचे लक्षण दिसेलच असे नाही. पोलादपूर तालुक्यातील कुडपणसारख्या डोंगरातल्या गावी मूल घेऊन परतणाऱ्या पालकाला ही गोष्ट आधीच ठाऊक असणे अगत्याचे आहे. खाली पोलादपूर-महाडकडे केव्हा निघायचे, हे त्यालाच ठरवायचे असते. 'दुर्बिणीची आहे, काळजी नको' या आश्वासनात त्याचा मागमूस नसतो.

'जठराची गुंडाळी' हा शब्द ओबडधोबड खरा. पण संमतीपत्रात तो आला, तर पालक निदान विचारील, ही गुंडाळी सुटते का? काही मुलांत, विशेषतः मेंदूचे विकार असलेल्यांत, ती सैल होते किंवा छातीत सरकते. मग पुन्हा औषधे, प्रसंगी दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते.