न्हावरें–चौफुला मार्ग आणि गॅझेटियरची दृष्टि

पुणें जिल्ह्यांतील रस्त्यांविषयीं कोणी लिहूं लागला कीं प्रथम १८८५ सालच्या मुंबई गॅझेटियरचा १८ वा खंड उघडला जातो. ग्रंथ परिश्रमाचा आहे, यांत संशय नाहीं. परंतु त्याची दृष्टि पुण्याच्या छावणींत उभ्या असलेल्या अधिकाऱ्याची आहे. चक्राच्या नाभीपासून आरे निघावे तसे मोठे रस्ते पुण्याहून बाहेर जातात. एका आऱ्यावरून दुसऱ्यावर जाणारी वाट त्या दृष्टीस गौण ठरते.

शिरूर तालुक्यांतील न्हावऱ्याहून निघून, पारगांवाजवळ भीमा ओलांडून, केडगांवावरून चौफुल्यास सोलापूर रस्त्याला मिळणारा राज्यमार्ग अशाच वाटांपैकीं होय. (आजचा दौंड तालुका गॅझेटियरांत शोधणाऱ्यानें ‘भीमथडी’ हें प्रकरण पाहावें.) शिरूरच्या छावणींतून कॅप्टन स्टॉंटन ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्रीं निघाला व दुसऱ्या दिवशीं कोरेगांवची लढाई झाली, हें सर्वांस मुखोद्गत आहे. पण ती नगर रस्त्याची कथा. आडव्या वाटेस सेनापति लागत नाहीं. यात्रेकरू आणि बाजारकरी पुरतात.

रांजणगांवच्या गणपतीहून मोरगांवास जाणारा याच मार्गानें चौफुल्यास येऊन सुप्याकडे वळतो. सुपें तर शहाजीराजांच्या जहागिरींतलें. एवढ्यावरून मार्ग शिवकालीन ठरविण्याचा मोह अनेकांस होतो. दोन गांवें जुनीं म्हणून मधला रस्ताहि जुना, ही व्याप्ति कोणत्याहि नैयायिकास मान्य होणार नाहीं. पारगांवाच्या नांवांत ‘पार’ आहे, सबब तेथें प्राचीन उतार होता, ही व्युत्पत्तीहि तशीच मोहक. परंतु महाराष्ट्रांत पारगांवें पुष्कळ आहेत, आणि पार वडाखालींहि असतो.

निश्चित भूमि लागते ती लोहमार्गापासून. १८५८ त पुण्याहून दिकसाळपर्यंत आगगाडी धांवूं लागली. १८७८ त दौंड–मनमाड फांटा झाला. केडगांव या लोहमार्गावर आलें; शिरूर भीमेच्या उत्तरेस, लोहमार्गावांचून राहिलें. म्हणजे त्या बाजूचा माल दक्षिणेकडील स्टेशनास नेणें तर मध्यें भीमा आली. या मार्गाचा इतिहास पाहूं जाणाऱ्यानें खडीपेक्षां नदीचा उतार पाहिला पाहिजे.

आणि येथेंच आमच्या संग्राहकांशीं माझा वाद आहे. रियासतकार सरदेसायांनीं १९३० पासून पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ भाग काढले. निवड मुख्यत्वें राजकीय झाली, व त्या काळीं तें योग्यच होतें. परंतु तीच आवड आपण खेड्यांतील दप्तरांसहि लावली. शिक्क्याची सनद कापडांत गुंडाळून ठेवावयाची आणि जकातीचा, नावेचा, बाजारबैठकीचा हिशेब रद्दींत द्यावयाचा, हा काय न्याय? सनद गांव कोणाचें तें सांगते. गांवांतून कोण गेलें, काय घेऊन गेलें, नदी कोणत्या महिन्यांत अडली, हें त्या मळकट बंदांवांचून कळावयाचें नाहीं. ‘राज्यमार्ग’ ही संज्ञा बांधकाम खात्याची. तिच्यावरून वय निघत नाहीं.

भीमाकांठच्या गांवचे मोडी रुमाल ज्यांच्या हातीं येतील, त्यांनीं बंद सुटे करण्यापूर्वीं प्रत्येकावरील गांव, साल, जिन्नस व रक्कम टिपून घ्यावी. नावाड्याचें नांव आढळल्यास तेंहि.