लेखनाची सवय : फ्लॅनरी ओकॉनर यांच्या निमित्ताने

'सवय' या शब्दाला मराठीत फारशी प्रतिष्ठा नाही. सवय लागते ती तंबाखूची. चांगल्या गोष्टी आपण 'अंगी बाणवतो'. लेखनाच्या बाबतीत तर हा शब्द कमीपणाचाच मानला जातो. लेखन स्फुरते, सवयीने होते ती कारकुनी, असा आपला समज आहे आणि त्याचे परिणाम आपल्या नियतकालिकांच्या पानांवर उमटतात. नाताळ अंकासाठी कवितांचा ढीग येतो, धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी आठवणी येतात; परंतु एखाद्या नव्या पुस्तकाचे दोन पानी परीक्षण मागावे, तर लेखक सापडत नाही. हा समज किती पोकळ आहे, हे अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातील कॅथलिक कथाकार फ्लॅनरी ओकॉनर (१९२५–१९६४) यांच्या उदाहरणावरून तपासून पाहावे, असे आम्हांस वाटते.

ओकॉनर यांच्या कथा आज जगभर वाचल्या जातात. पण आम्हांस येथे अधिक महत्त्वाची वाटते ती त्यांची एक साधी वही. जानेवारी १९४६ ते सप्टेंबर १९४७ या काळात, आयोवा विद्यापीठात कथालेखनाचे शिक्षण घेत असताना, वयाच्या विशीत त्यांनी ही वही लिहिली. ती २०१३ साली 'अ प्रेअर जर्नल' या नावाने प्रसिद्ध झाली. वहीतील प्रत्येक नोंद देवाला उद्देशून आहे. त्यांत श्रद्धेची तळमळ आहे तशी चांगली कथा लिहिता यावी ही अगदी व्यावसायिक वाटावी अशी विनवणीही आहे, आणि ही दुसरी इच्छा पहिलीच्या आड येते की काय ही भीतीही आहे. या वहीला थोर आध्यात्मिक ग्रंथ म्हणण्याचा मोह काही समीक्षकांना झाला. तो आम्हांस पटत नाही. तिच्यात पुनरुक्ती आहे, विद्यार्थीदशेतील पुस्तकी वाक्येही आहेत. तिचे मोल निराळे आहे. स्वतःच लिहिलेले वाक्य खरे आहे की केवळ सुंदर, हे ती तरुणी येथे तपासून पाहावयास शिकते. समोरचा वाचक असा, की ज्याच्यापुढे आव आणून चालत नाही! शेवटच्या नोंदीत ओटच्या बिस्किटांवर ताव मारल्याची कबुली येते आणि वही तेथेच थांबते.

पुढे त्यांनी या अनुभवाला एक नाव शोधले. फ्रेंच तत्त्वज्ञ झाक मारितँ यांच्या कलाविषयक ग्रंथातून संत थॉमस अक्वायनस यांची 'हाबितुस' ही संकल्पना त्यांच्या हाती आली. हाबितुस म्हणजे यांत्रिक सवय नव्हे, हे मारितँ बजावून सांगतात. यांत्रिक सवय माणसाला न पाहता काम करावयास लावते; हाबितुस ही बुद्धीत मुरलेली अशी पात्रता आहे, की जिच्यामुळे माणूस अधिक नीट पाहू लागतो. मराठीत हा भेद सांगावयाचा तर 'हातवळण' आणि 'रियाज' हे दोन शब्द समोर ठेवावेत. 'अभ्यास' या आपल्या शब्दात तर अध्ययन आणि पुनःपुन्हा करणे हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. दुर्दैवाने शाळेने त्यातला दुसरा अर्थ पाठांतरापुरता उरवला आहे. ओकॉनर यांच्या पत्रांचा संग्रह १९७९ साली निघाला, तेव्हा संपादिका सॅली फिट्झजेराल्ड यांनी त्याला 'द हॅबिट ऑफ बीइंग' हे नाव दिले, ते याच विचाराला स्मरून.

हा रियाज सुखासीन नव्हता. ज्या ल्यूपस रोगाने १९४१ साली वडील गेले, तोच रोग त्यांना विशीतच जडला. मिलेजव्हिल गावाजवळच्या शेतघरी आईसोबत राहून, पुढे कुबड्यांच्या आधाराने चालत, त्यांनी उरलेली वर्षे काढली. शक्ती दिवसाकाठी दोन-तीन तासांपुरतीच उरे. ते सकाळचे तास लेखनाचे. काही सुचो वा न सुचो, त्या टेबलाशी बसत. सुचलेच, तर आपण जागेवर असावे एवढाच हिशेब.

आपल्या वाचकांनी विशेष लक्ष द्यावे, असा भाग यापुढचा आहे. १९५६ पासून मृत्यूपर्यंत ओकॉनर यांनी जॉर्जियातील कॅथलिकांच्या 'द बुलेटिन' या पत्रात, आणि नंतर सव्हानाच्या धर्मप्रांतीय पत्रात, शंभरावर पुस्तकांची परीक्षणे लिहिली. बॅप्टिस्टांच्या त्या मुलखात कॅथलिक मूठभर, आणि या पत्रांचा वाचक म्हणजे धर्मग्रामातील सामान्य कुटुंब. न्यूयॉर्कच्या साहित्यवर्तुळात नाव झालेल्या लेखिकेने तेथे एक-दोन परिच्छेदांची टिपणे लिहावीत, याचे नवल वाटते. १९८३ साली 'द प्रेझेन्स ऑफ ग्रेस' या नावाने ती एकत्र आली. त्यांतील बरीच बेताचीच आहेत, हे सांगितलेच पाहिजे. पण ग्वार्दिनी, टेयार द शार्दँ, एवढेच काय प्रॉटेस्टंट पंडित कार्ल बार्त यांचे ग्रंथही त्यांनी या घरगुती वाचकापुढे न कचरता ठेवले, आणि भाबड्या धार्मिक कादंबऱ्यांना धर्माच्या नावाखाली सूट दिली नाही. टेयार यांच्या ग्रंथांचे परीक्षण करताना झालेले वाचन त्यांच्या कथेतही उतरले. 'एव्हरीथिंग दॅट रायझेस मस्ट कन्व्हर्ज' या १९६१ च्या कथेचे शीर्षक टेयार यांच्याच विचारातून आले आहे. आपल्याकडे १९०३ सालापासून 'निरोप्या'ची परंपरा आहे. अशा पत्रांत लिहिणे म्हणजे उमेदवारी, खरे साहित्य दुसरीकडे, असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण अवश्य पाहावे.

नियमित लेखन स्वतःहून कोणाला तारते, असे मात्र नव्हे. चेस्टरटन यांनी 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'मध्ये १९०५ पासून १९३६ पर्यंत साप्ताहिक सदर चालवले. त्यांचे आम्ही चाहते आहोत. तरीही विरोधाभासाची त्यांची खुबी उत्तरकाळात पुष्कळदा हातवळण झाली होती, असे आमचे मत आहे. ओकॉनर यांच्याबाबत प्रश्न अधिक बोचरा आहे. त्यांच्या खाजगी पत्रांत कृष्णवर्णीयांविषयी हिणकस उद्गार आहेत. त्यावरून वाद पेटून २०२० साली मेरीलँडच्या लॉयोला विद्यापीठाने एका वसतिगृहाला दिलेले त्यांचे नाव काढले आणि सिस्टर थिआ बोमन या कृष्णवर्णीय धर्मभगिनीचे नाव दिले. रोज सकाळी नीट पाहण्याचा अभ्यास करणारी ही स्त्री पत्र लिहिताना का पाहत नव्हती? रोगाचे वा काळाचे निमित्त आम्हांस पुरेसे वाटत नाही.

मात्र त्यांच्या दोन कथा शेजारी ठेवून वाचाव्यात. १९४६ साली छापलेल्या 'द जेरेनियम' या पहिल्या कथेत न्यूयॉर्कला मुलीच्या घरी येऊन पडलेला दक्षिणेतला म्हातारा आहे. जिन्यावर एक कृष्णवर्णीय शेजारी त्याला हात देतो, आणि तेच म्हाताऱ्याला सोसत नाही. लेखिकेची सारी सहानुभूती त्या दुखावलेल्या म्हाताऱ्याकडे आहे. हीच कथा मध्ये एकदा नव्याने लिहून, अखेर मृत्यूच्या वर्षी त्यांनी तिला 'जजमेंट डे' हे रूप दिले. आता शेजारी नट आहे, त्याला स्वतःचा आवाज आणि संताप आहे. म्हातारा त्याला 'प्रीचर' म्हणून सलगीने हाक मारतो आणि त्या सलगीतला जुना मालकी सूर प्रथमच स्पष्ट ऐकू येतो. जिना तोच, पण अठरा वर्षांनी त्यावर दोन माणसे उभी आहेत.