तांबड्यावर पिवळी रेघ

इथोपायगा वंशातल्या सूर्यपक्ष्यांकडे रंगांची श्रीमंती उदंड. हिमालयातल्या फायर-टेल्डची लांबलचक तांबडी शेपटी, मिसेस गूल्डचा निळा-जांभळा माथा आणि पिवळंधमक पोट. नजर कुठे ठेवावी तेच कळत नाही. आपल्या सह्याद्रीतला व्हिगर्स मात्र मोजक्या रंगांत मैफल जमवतो, म्हणून मला तो या साऱ्या भाऊबंदांत सरस वाटतो.

नर नीट पाहा. पाठ गडद किरमिजी, गळा आणि छाती लालभडक. त्या लालावर बारीक पिवळ्या रेघा, कुणी धावदोरा घालावा तशा. त्या नसत्या तर लाल रंग नुसताच भडक झाला असता. त्यांच्यामुळे छातीला पोत येतो. खाली पोट एकदम करडं. लालाचा तोरा तिथे बरोबर आवरला जातो.

खरी गंमत मिशीत आहे. चोचीच्या बुडापासून गळ्याच्या दोन्ही अंगांनी उतरणारा हा जांभळा पट्टा. लाल आणि पिवळा हे पिसांतल्या रंगद्रव्यांचे रंग. ते सावलीतही हलत नाहीत. मिशीचा जांभळा मात्र पिसांच्या सूक्ष्म रचनेवरून प्रकाश परतला तरच उमटतो. मान जराशी वळली की मिशी काळी, पुन्हा वळली की लखलखीत. रसशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर लाल हा स्थायी आणि जांभळा संचारी!

कर्नल विल्यम साइक्स यांनी १८३२ साली दख्खनच्या पक्ष्यांच्या यादीत याची शास्त्रीय नोंद केली आणि प्राणिशास्त्रज्ञ निकोलस व्हिगर्स यांचं नाव त्याला दिलं. पुढे बराच काळ अभ्यासक त्याला क्रिमसन सनबर्डची उपजात मानत. पण क्रिमसनच्या छातीवर इतक्या ठळक पिवळ्या रेघा नसतात. आज व्हिगर्स ही स्वतंत्र जात मानली जाते, आणि पश्चिम घाटाबाहेर ती जगात कुठेही नाही.

तेव्हा महाबळेश्वरला किंवा बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात गेलात, तर फुललेल्या पांगाऱ्यापाशी, बांडगुळाच्या नळीदार फुलांपाशी जरा थांबा. उन्हाकडे पाठ करून उभे राहा. ऊन समोरून आलं तर मिशी काळीच दिसेल आणि निम्मा पक्षी पाहायचा राहून जाईल.