जपानमधील ब्रिटिश राजदूतांचे लेखन : एक चिकित्सक अभ्यास

प्रास्ताविक

इ. स. 1858 च्या ऑगस्टमध्ये ब्रिटन आणि जपान यांच्यात व्यापारी करार झाला आणि पुढच्याच वर्षी रदरफर्ड ऑलकॉक हे ब्रिटनचे पहिले प्रतिनिधी म्हणून एदो येथे, म्हणजे आजच्या टोकियोत, दाखल झाले. प्रारंभी केवळ वकिलात असलेल्या या कचेरीस 1905 मध्ये दूतावासाचा दर्जा मिळाला आणि क्लॉड मॅक्डोनल्ड हे पहिले 'राजदूत' ठरले. 2021 मध्ये ज्युलिया लाँगबॉटम यांच्या रूपाने या पदावर प्रथमच एका स्त्रीची नेमणूक झाली. या प्रदीर्घ परंपरेचा राजकीय इतिहास बराच लिहिला गेला आहे. ह्यू कोर्टाझी हे स्वतः 1980 ते 1984 या काळात टोकियोत राजदूत होते. त्यांनी 1859 ते 1972 या काळातील प्रतिनिधींवरील चरित्रलेखांचा ग्रंथ 2004 मध्ये संपादित केला.

तथापि या वकिलातीतून निर्माण झालेल्या ग्रंथांचा वाङ्मय म्हणून वेगळा विचार होणे आवश्यक आहे. पदाची उंची आणि समजुतीची खोली या दोन गोष्टी या लेखनात क्वचितच एकत्र येतात. मुख्य प्रतिनिधीच्या खुर्चीवरून झालेले लेखन बहुधा समर्थनपर असते, तर दुभाष्याच्या मेजावरून झालेले लेखन अधिक टिकाऊ ठरते. ही भूमिका कितपत ग्राह्य आहे, याची तपासणी प्रस्तुत लेखात केली आहे.

ऑलकॉक : शीर्षकातील दृष्टी

ऑलकॉक हे मूळचे शल्यचिकित्सक. चीनमधील दीर्घ सेवेनंतर ते जपानला आले. 'द कॅपिटल ऑफ द टायकून' हा त्यांचा द्विखंडात्मक ग्रंथ 1863 मध्ये प्रसिद्ध झाला. 1860 मधील फुजी पर्वताची चढाई, जुलै 1861 मध्ये तोझेन-जी मंदिरातील वकिलातीवर झालेला रात्रीचा हल्ला, बाजार, कारागिरी, शेती अशा अनेक विषयांची माहिती त्यात आढळते. जपानी हस्तकौशल्याविषयीचा ऑलकॉक यांचा आदर खराखुरा होता. 1862 च्या लंडन प्रदर्शनात जपानी वस्तू मांडण्यात त्यांनीच पुढाकार घेतला होता.

परंतु ग्रंथाचे शीर्षकच त्याची मर्यादा सांगून जाते. 'ताइकुन' ही परराष्ट्रव्यवहारात शोगुनसाठी वापरली जाणारी उपाधी होती. क्योतो येथील सम्राटाचे अस्तित्व ऑलकॉक यांना ठाऊक होते, पण त्यांच्या मांडणीचे केंद्र एदो हेच राहिले. ज्या सत्तेशी करार झाला ती सत्ताच देशाची खरी प्रतिनिधी, असे मानणे करार करणाऱ्याच्या सोयीचे असते. या ग्रंथात निरीक्षण सूक्ष्म आहे, मात्र निरीक्षणाची चौकट कराराने आखून दिलेली आहे.

येथे भाषेचा प्रश्नही लक्षात घ्यावा लागतो. त्या काळी वाटाघाटी जपानीतून डचमध्ये आणि डचमधून इंग्रजीत अशा दुहेरी भाषांतराने चालत. ऑलकॉक यांनी 1861 मध्ये जपानी व्याकरणावर एक पुस्तक लिहिले, तरी कामकाज इतरांच्या जिभेवरच अवलंबून होते. त्यांच्या पदरी असलेला जपानी दुभाषा देन्किची याची जानेवारी 1860 मध्ये वकिलातीच्या दारातच हत्या झाली. दोन जगांच्या सीमेवर उभ्या असलेल्या माणसाला किती किंमत मोजावी लागत होती, हे या घटनेवरून स्पष्ट होते.

पार्क्स यांचे मौन आणि साहाय्यकांचे लेखन

हॅरी पार्क्स यांनी 1865 ते 1883 अशी अठरा वर्षे हे पद भूषविले. शोगुनशाहीचा अस्त आणि मेइजी राजवटीचा उदय त्यांनी जवळून पाहिला. असे असूनही त्यांनी जपानवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला नाही. त्यांचे चरित्र स्टॅन्ली लेन-पूल आणि एफ. व्ही. डिकिन्स यांनी 1894 मध्ये प्रसिद्ध केले. पार्क्स यांचा स्वभाव तापट होता. पण हाताखालील तरुणांनी भाषा शिकावी, यास त्यांनी उत्तेजन दिले आणि त्यांच्या कारकिर्दीतच वकिलातीचे खरे वाङ्मय आकारास आले.

ए. बी. मिटफर्ड यांचे 'टेल्स ऑफ ओल्ड जपान' 1871 मध्ये प्रकाशित झाले. सत्तेचाळीस रोनिनांची कथा इंग्रजी वाचकांपर्यंत पोहोचविण्यात या पुस्तकाचा मोठा वाटा आहे. 1868 मध्ये कोबे येथे परकीयांवर गोळीबाराचा आदेश दिल्याबद्दल ताकी झेन्झाबुरो या अधिकाऱ्यास आत्मवधाची शिक्षा झाली. तिचे प्रत्यक्ष साक्षीदार असलेल्या मिटफर्ड यांनी तिचे संयत वर्णन केले आहे. त्यात किळस नाही आणि भाबडे कौतुकही नाही. मात्र ही शिक्षा परकीय प्रतिनिधींच्या मागणीतून आली होती. विधीच्या गांभीर्याने भारावलेला वाचक या राजकीय दडपणाकडे सहज दुर्लक्ष करू शकतो. संयत शैलीचाही असा एक धोका असतो.

डब्ल्यू. जी. ॲस्टन यांनी 'निहोन्गी' या प्राचीन इतिहासग्रंथाचे भाषांतर 1896 मध्ये आणि जपानी वाङ्मयाचा इतिहास 1899 मध्ये प्रसिद्ध केला. ज्या सेवेने त्यांना दुभाषा म्हणून जपानला पाठविले, तिच्या तात्कालिक गरजेच्या पलीकडे जाणारे हे कार्य होते.

साटो : पद आणि आत्मकथन यांतील अंतर

या परंपरेतील सर्वांत लक्षणीय उदाहरण अर्नेस्ट साटो यांचे आहे. सप्टेंबर 1862 मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ते शिकाऊ दुभाषी म्हणून योकोहामास उतरले. 1866 मध्ये त्यांनी तेथील इंग्रजी वृत्तपत्रात लिहिलेल्या लेखांचे जपानी भाषांतर 'एइकोकु साकुरोन', म्हणजे 'इंग्लंडचे धोरण', या नावाने पसरले. ताइकुन हा देशाचा सार्वभौम नव्हे, हे त्यांचे प्रतिपादन होते. ऑलकॉक यांच्या शीर्षकात गृहीत धरलेली गोष्ट एका कनिष्ठ साहाय्यकाने तीन वर्षांतच प्रश्नांकित केली. जपानी पत्रव्यवहार आणि जपानी माणसे यांच्याशी आलेला थेट संबंध हे त्याचे कारण होय.

साटो 1895 ते 1900 या काळात टोकियोत ब्रिटनचे मुख्य प्रतिनिधी होते. 1894 मध्ये लंडन येथे झालेला नवा करार त्यांच्याच काळात, 1899 मध्ये, अमलात आला आणि ब्रिटिश नागरिकांचा न्याय ब्रिटिश कॉन्सलच्या न्यायालयात होण्याची विषम पद्धती संपली. परंतु 1921 मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे 'अ डिप्लोमॅट इन जपान' 1869 मध्येच थांबते. 'मुत्सद्दी' हे शीर्षक धारण करणारा ग्रंथ प्रत्यक्षात दुभाष्याचा ग्रंथ आहे. सर्वोच्च पदावरील वर्षांपेक्षा उमेदवारीची वर्षे लेखकाला कथनीय वाटली, ही निवड अर्थपूर्ण आहे. पदामुळे बोलण्यावर बंधने येतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे माणसांशी येणारा समपातळीवरील संपर्क संपतो.

तथापि साटो यांच्या ज्ञानाचा गौरव करताना त्या ज्ञानाचा उपयोग विसरून चालणार नाही. सत्तांतराच्या काळात ब्रिटनचे व्यापारी हित साधण्यासाठीही ते वापरले गेले. शिवाय हे ज्ञान एकट्याचे नव्हते. 1876 मधील इंग्रजी-जपानी शब्दकोशावर साटो यांच्याबरोबर इशिबाशी मासाकाता यांचेही नाव आहे. असे नाव क्वचितच मुखपृष्ठावर येते. बहुतेक शिक्षक, लेखनिक आणि भाषा-साहाय्यक पडद्याआडच राहिले.

विसावे शतक : एलियट, सॅन्सम आणि क्रेगी

राजदूत आणि विद्वान या दोन्ही भूमिका एका व्यक्तीत असू शकतात, याचे उदाहरण म्हणजे चार्ल्स एलियट. त्यांचा 'हिंदुइझम अँड बुद्धिझम' हा त्रिखंडात्मक ग्रंथ 1921 मध्ये, ते टोकियोत राजदूत असतानाच, प्रसिद्ध झाला. 'जपानीज बुद्धिझम' 1935 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रकाशित झाला. वर मांडलेल्या भूमिकेस एलियट हा अपवाद ठरतो. मात्र त्यांची विद्वत्ता धर्मेतिहासाकडे वळलेली होती. ज्या सरकारशी दररोज व्यवहार करायचा, त्याविषयी राजदूताला लिहिता येत नाही, त्याच्या धर्मपरंपरेविषयी लिहिता येते. या अर्थी हा अपवाद मूळ भूमिकेस छेद देण्याऐवजी तिची सीमा दाखवितो.

एलियट यांचा हा अपुरा ग्रंथ पूर्णत्वास नेण्यात जॉर्ज सॅन्सम यांचा सहभाग होता. दूतावासात व्यापारविषयक काम पाहणारे सॅन्सम कधीही राजदूत झाले नाहीत. तरीही 1931 मधील त्यांचा जपानचा संक्षिप्त सांस्कृतिक इतिहास हा या परंपरेतील बहुधा सर्वांत समृद्ध ग्रंथ होय.

याउलट 1937 ते 1941 या काळातील राजदूत रॉबर्ट क्रेगी हे नौदल-निःशस्त्रीकरणाच्या वाटाघाटींतील तज्ज्ञ होते. वेगळे धोरण अवलंबिले असते तर डिसेंबर 1941 चे युद्ध टाळता आले असते, असे त्यांनी आपल्या अंतिम अहवालात सूचित केले आणि चर्चिल यांचा रोष ओढवून घेतला. 'बिहाइंड द जॅपनीज मास्क' हे त्यांचे पुस्तक प्रामाणिक आहे, पण त्यामागे बाजू मांडण्याची निकड आहे. शीर्षकातील 'मुखवटा' ही कल्पनाही विचार करण्यासारखी आहे. ज्याची भाषा समजते त्याचा चेहरा दिसतो, ती समजत नसेल तर चेहराही मुखवटा वाटू लागतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

1. जपानविषयक ब्रिटिश राजनैतिक लेखनाचे मूल्य लेखकाच्या पदावर नव्हे, तर भाषेशी असलेल्या त्याच्या संबंधावर अवलंबून आहे.

2. मुख्य प्रतिनिधीच्या लेखनात समर्थनाची प्रेरणा प्रबळ असते. त्यामुळे ते घटनांचे साधन म्हणून उपयुक्त असले, तरी समाजाच्या आकलनासाठी सावधपणे वाचावे लागते.

3. दुभाष्यांचे लेखन अधिक समजूतदार असले, तरी ते निर्दोष नाही. विषम करारांच्या छायेतच ते घडले आणि त्यातील जपानी सहकाऱ्यांचा वाटा बव्हंशी अनुल्लेखित राहिला.

राजदूतांच्या कारकिर्दीनुसार केलेली मांडणी प्रशासकीय इतिहासासाठी स्वाभाविक आहे, परंतु वाङ्मयीन मूल्यमापनासाठी ती अपुरी पडते. परसत्तेच्या प्रतिनिधींनी लिहिलेली कागदपत्रे साधन म्हणून वापरणाऱ्या भारतीय अभ्यासकालाही हे उदाहरण उपयोगी पडणारे आहे. कागदावरील सही कोणाची, हे पाहून त्याने थांबू नये. मजकूर कोणत्या भाषेतून आला आणि तो कोणाच्या मुखातून वदला गेला, हेही त्याने विचारले पाहिजे.