बेणारे आतल्या खोलीत गेली तेव्हा

'शांतता! कोर्ट चालू आहे' मी पहिल्यांदा पाहिलं ते फलटणमध्ये, अकरावीत असताना. कॉलेजच्या मुलांनी केलेला प्रयोग, माईक मधूनच खरखरत होता आणि काशीकर झालेल्या मुलाची मिशी दुसऱ्या अंकात सुटली. तेव्हा नाटक कळलं ते एवढंच : एका बाईला सगळे मिळून छळतात. पुढे इंजिनिअरिंग झालं, पुण्यात नोकरी लागली, तेंडुलकर राहिले बाजूला.

मग माझ्या एका मामाचं नाव केसमध्ये आलं. बांधावरून झालेली मारामारी, एकाचं डोकं फुटलेलं, कलम 307. मामा त्या दिवशी गावातच नव्हता, पण फिर्यादीत सात नावं होती आणि सातवं त्याचं. केस सेशन्सकडे गेली आणि तिथे 'चार्जवर' म्हणून तारखांमागून तारखा पडत राहिल्या. वकील म्हणाले, 'अजून खटला सुरूच झाला नाही हो.' खटला सुरू व्हायच्या आधीच मामेबहिणीचं जमत आलेलं लग्न मोडलं. पाहुण्यांनी निरोप पाठवला तो दोनच शब्दांचा, 'नाव आलंय.'

त्या दिवसांत मी नाटक पुन्हा वाचलं आणि पहिल्या अंकातल्या एका जागेवर अडकलो. अभिरूप न्यायालयाचा रात्रीचा प्रयोग प्रेसिडेंट जॉन्सनवर, अण्वस्त्रांबद्दल. पण गावातल्या सामंताला कोर्ट म्हणजे काय ते कळावं म्हणून आधी एक खोटाखोटा खटला करायचं ठरतं. आरोपी कोण? बेणारे आतल्या खोलीत गेलेली असते. बाहेरचे लोक कुजबुजतात, ठरवतात, आणि ती बाहेर आल्यावर तिला कळतं की आपण आरोपी आहोत. आरोप भ्रूणहत्येचा, कलम 302. पुरावा? तो नंतर गोळा होणार.

बहुतेक समीक्षा न्यायालयीन भाषेच्या क्रौर्याबद्दल, सुखात्म्यांच्या उलटतपासणीबद्दल आणि शेवटच्या स्वगताबद्दल बोलते. ते सगळं बरोबर आहे. पण मला वाटतं नाटकाचा खरा गुन्हा या कुजबुजीत घडून गेलेला आहे. खटला वाईट चालला हे पुढचं. हा खटला उभाच का राहिला, हे विचारायला त्या हॉलमध्ये कुणी नाही.

हे विचारणारी एक जुनी व्यवस्था आहे, ग्रँड ज्युरी. दोषी की निर्दोष हे ती ठरवत नाही. या माणसावर खटला भरण्याइतपत काही आहे का, एवढंच सामान्य नागरिकांनी सांगायचं. अमेरिकेच्या पाचव्या घटनादुरुस्तीनुसार केंद्राच्या कोर्टांत गंभीर गुन्ह्यासाठी ती लागतेच : 16 ते 23 माणसं, त्यातल्या किमान 12 जणांची संमती. राज्यांवर मात्र ही सक्ती नाही. 1884 च्या हुर्टाडो खटल्यात तिथल्या सुप्रीम कोर्टाने तसं सांगून टाकलं. त्यामुळे न्यूयॉर्कमध्ये ती राज्याच्या घटनेनेच लागते (म्हणून 2023 च्या मार्चमध्ये ट्रम्प यांच्यावरचा आरोप मॅनहॅटनच्या ग्रँड ज्युरीतून आला) आणि कॅलिफोर्नियात सरकारी वकील थेट न्यायाधीशापुढे प्राथमिक सुनावणी घेऊनही काम भागवू शकतो.

ही गोष्ट आपल्याला तितकी परकी नाही. मुंबईत ग्रँड ज्युरी होती. 1826 च्या कायद्याने ख्रिस्ती नसलेल्या हिंदी माणसांना तिच्यात बसायला मनाई होती. ती 1832 मध्ये उठली. नाना शंकरशेटांच्या पिढीने त्या खुर्चीसाठी अर्जविनंत्या केल्या होत्या. 1865 मध्ये ग्रँड ज्युरीच गेली. साधी ज्युरी देशात काही ठिकाणी नानावटी खटल्यानंतरही टिकली, त्या खटल्याची गोष्ट सिनेमांमुळे सगळ्यांना ठाऊक आहे.

हे वाचताना मला आधी वाटलं, बेणारेला ग्रँड ज्युरी हवी होती. मग ग्रँड ज्युरीचं काम कसं चालतं ते वाचलं आणि जरा दचकलो. दार बंद. आत न्यायाधीश नसतो. पुरावा मांडणार फक्त सरकारी वकील. आरोपीला बोलवायलाच हवं असं नाही, त्याचा वकील तर सहसा नसतोच. ऐकीव माहितीही चालते. आता नाटकातला हॉल आठवा. बेणारे आतल्या खोलीत, बाहेर शेजारपाजारचेच लोक, पुढाकार वकील असलेल्या सुखात्म्यांचा, आणि पुढे सामंत 'साक्ष' देतो ती हातातल्या कादंबरीतून. तेंडुलकरांच्या मनात ग्रँड ज्युरी असेल असं मी अजिबात म्हणत नाही. पण चार सभ्य माणसं एकत्र बसली की ती चाळणी होतात, या भाबड्या समजुतीला त्यांनी 1967 मध्येच सुरुंग लावला होता. ती चारजणं चाळणी होण्याऐवजी गाव होतात, असं हे नाटक म्हणतं. आमच्या पाहुण्यांसारखं.

आपल्याकडे 1973 पर्यंत आणखी एक टप्पा होता. सेशन्सकडे केस पाठवण्याआधी दंडाधिकारी स्वतः चौकशी करायचा. वेळ जातो म्हणून नव्या संहितेने ती काढली, आता पाठवणं हे जवळपास पोस्टाचं काम. खरा प्रश्न सेशन्स न्यायाधीशापुढे येतो : आरोप ठेवायचा की मुक्त करायचं. निकष 'गंभीर संशया'चा. पण त्या वेळी न्यायाधीश पाहतो ते पोलिसांचे कागद. आरोपीने आपले कागद तिथे दाखवायचे नाहीत, हे सुप्रीम कोर्टाने 2004 च्या देवेंद्रनाथ पाढी निकालात पक्कं केलं. मामाकडे त्या दिवशीचं एसटीचं तिकीट होतं. वकिलांनी ते फाइलमध्ये ठेवलं आणि म्हणाले, हे पुढे बचावात वापरू. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत आरोपनिश्चितीला 60 दिवसांची मुदत आहे. मामाची केस त्याआधीची. शेवटी न्यायाधीशांनी पोलिसांचेच कागद नीट वाचले, त्यात मामाने काय केलं याचं एक वाक्य नव्हतं, आणि त्याला वगळलं. तिकीट फाइलमध्येच राहिलं.

चैतन्य ताम्हाणेच्या 'कोर्ट'मध्येही (2014) हेच दिसतं. शाहिराच्या गाण्यामुळे सफाई कामगाराने आत्महत्या केली, या आरोपात काही दम आहे का, हे पहिल्या तारखेलाच विचारता आलं असतं. ताम्हाणे अख्खा सिनेमा ते न विचारण्यावर चालवतो. तिथे कुणी खलनायक नाही, नुसती दिरंगाई आणि कंटाळा. तेंडुलकरांच्या हॉलमध्ये मात्र माणसांना मजा येतेय. मला ती मजा जास्त भीतीदायक वाटते, कारण ती ओळखीची आहे.

नाटकाचा एक भाग मला आता खटकतो : बेणारेचं स्वगत. फार देखणं आहे ते. प्रेक्षक रडतो आणि मोकळा होतो. त्यापेक्षा शिक्षा पाहा. भ्रूणहत्येचा आरोप असलेल्या बाईला काशीकर शिक्षा सुनावतात ती गर्भ नष्ट करण्याची. म्हणजे जो गुन्हा घडलेलाच नाही, तो करायचा हुकूम. गर्भपाताचा कायदा 1971 चा, त्याआधी तो गुन्हाच होता. आरोप उभा करताना कुणी काही तपासलं नाही, की शेवटी निकालही असाच निघणार.

मागच्या दिवाळीत मामाला फोनवर या नाटकाचं रेकॉर्डिंग दाखवलं. चष्मा वर करून तो बराच वेळ पाहत होता. बेणारे पर्स उचलून दाराकडे जाते, दार उघडत नाही, तिथे त्याने थांबवलं.

'काय झालं?'

'बाहेरून कडी लागलीय,' मी म्हटलं.

'कुणी लावली?'

मी म्हटलं, चुकून लागलीय. त्याने फोन माझ्याकडे दिला आणि चहा ठेवायला सांगायला आत गेला.