दुधातील टेट्रासायक्लिनचा अनुस्फुरणाधारित शोध : एक चिकित्सा

प्रतिजैविकांचे अवशेष शोधण्यासाठी अनुस्फुरणाचा, म्हणजेच फ्लुओरेसन्सचा, वापर हा विश्लेषणात्मक रसायनशास्त्रात बहुचर्चित विषय ठरला आहे. अल्प खर्च, जलद निष्कर्ष व उच्च संवेदनशीलता ही या पद्धतीची बलस्थाने निर्विवाद आहेत. तथापि अनेक शोधनिबंधांत न्यूनतम शोधमर्यादा हाच यशाचा निकष मानला जातो, हे चिंत्य आहे.

दुधातील टेट्रासायक्लिनसाठी कोडेक्सने ठरविलेली कमाल मर्यादा लिटरला १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे सुमारे ०.२२ मायक्रोमोल आहे. लिटरला १ नॅनोमोल ओळखणारा संवेदक या गरजेच्या दोनशेपट पुढे जातो. परंतु त्याने मूळ प्रश्न सुटत नाही. कार्बन डॉट्सवर आधारित कित्येक संवेदकांत टेट्रासायक्लिन ३६० नॅनोमीटरच्या आसपासचा उत्तेजक प्रकाश शोषून घेते व अनुस्फुरण मंदावते. हा गुण केवळ त्याच रेणूचा नाही. रायबोफ्लेविनही याच पट्ट्यात प्रकाश शोषते आणि गायीच्या दुधात ते लिटरला १ मिलिग्रॅमहून अधिक असते. याउलट, टेट्रासायक्लिनशी जोडला गेलेला युरोपियम आयन ६१५ नॅनोमीटरजवळ तांबडा प्रकाश देतो. ही दिशा अधिक आश्वासक आहे. मात्र तेथेही दुधातील कॅल्शियम व केसीन यांची बाधा विचारात घ्यावी लागते.

चुकीच्या निष्कर्षामुळे उत्पादकाचे निर्दोष दूध नाकारले जाते किंवा सदोष दूध घरोघरी पोहोचते. म्हणून निवडक्षमतेची कसोटी शुद्ध पाण्यात नव्हे, तर प्रत्यक्ष दुधात लागली पाहिजे आणि संशयित नमुन्यांची खातरजमा एलसी-एमएस पद्धतीने झाली पाहिजे.